टायर खाणारी सून

आबांनी टायर उचलून थेट माझ्या टेबलावर ठेवला. टेबलावर नुकताच आलेला चहा होता, चष्मा होता, पेपर होता. त्यांनी काहीही बाजूला सारलं नाही. चष्मा मी वाचवला, चहा गेला.

"देख भाऊ," आबा म्हणाले, "मन्ही वहू टायर खाई ऱ्हायनी."

वहू म्हणजे सून. ती त्यांच्या मागेच उभी होती. खांद्याला पर्स, हातात गाडीची किल्ली, चेहरा शांत. हे वाक्य तिनं घरी, शेजारी, लग्नाकार्यात इतक्या वेळा ऐकलं असणार, की आता तिला त्याचं काही वाटत नसावं, असं मी धरून चाललो. वाटत होतं, हे नंतर कळलं.

शहाद्यात माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं सुरतेला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली. गाडीची चाकं सरळ करणे हा माझा धंदा. माणसं सरळ करायचं मशीन अजून बाजारात आलेलं नाही. आलं असतं तर आमच्या तालुक्यात रांग लागली असती आणि पहिला नंबर गिऱ्हाइकांचा नसता, मेकॅनिक लोकांचा असता.

आबा म्हसावदचे बागायतदार. केळी, ऊस, दाराशी ट्रॅक्टर. आमच्याकडे ज्याच्या दाराशी ट्रॅक्टर तो अर्धा मेकॅनिक असतो, आणि अर्धा मेकॅनिक हा पूर्ण मेकॅनिकपेक्षा नेहमी जास्त ठामपणे बोलतो. आबा निदान आधीच करूनच आले होते. माझ्याकडून त्यांना फक्त सही हवी होती.

मी टायर पाहिला. बाहेरून अगदी नव्यासारखा, नक्षी शाबूत. उलटा करून आतली कड पाहिली तर रबर गुळगुळीत, आणि एका जागी चक्क तारा बाहेर आलेल्या. मागच्या डाव्या चाकाचा टायर.

"हाऊ दुसरा शे," आबा म्हणाले. "पहिला बी असाच गया. गाडी मन्हा हातमा व्हती तधळ काहीच नही व्हतं. हाई बसनी ना स्टेरिंगवर, मंग सुरू झायं."

"त्या कश्या चालाडतस, तुम्ही कधी बाजूले बसीसन देखं का?" मी विचारलं.

"देखानं काय त्यान्हामा? टायर बोली ऱ्हायना ना."

मग त्यांनी निकाल सुनावला. दिवाळीपर्यंत बघायचं. आणखी एक टायर गेला तर गाडी घरी उभी राहणार. सुनेनं एसटीनं जावं, नाहीतर नोकरी सोडावी. हे सगळं त्यांनी काही रागानं सांगितलं नाही. उसाला पाणी कधी सोडायचं हे सांगावं तसं सांगितलं, आणि "मी मार्केटमा जाई येस" म्हणून, ज्याच्या मोटरसायकलवर आले होते त्याच्याच मागे बसून निघून गेले.

ते गेल्यावर सूनबाई खुर्चीवर बसली. नाव हर्षदा. अक्कलकुव्याला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नवरा सुरतेला नोकरीला, आठवड्याला येतो. लहान मुलगी आजी-आजोबांजवळ म्हसावदला. ही सकाळी गाडी काढते, तळोद्यावरून अक्कलकुवा, आणि संध्याकाळी परत.

"एसटीनं जमत नाही का?" मी विचारलं.

"सकाळची बस पोचते तेव्हा माझा पहिला तास संपलेला असतो. आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पोरगी झोपलेली. भाऊ, सरळ सांगते, गाडी गेली तर नोकरी गेली." मग ती म्हणाली, "आबा वाईट नाहीत. ही गाडी त्यांनीच घेऊन दिली. लग्नाआधी मला स्कूटीसुद्धा येत नव्हती, ड्रायव्हिंग क्लास त्यांनीच लावला. पण टायर त्यांच्या बाजूनं साक्ष देतोय, त्याला मी काय करू?"

विज्ञानाच्या बाईंनी पुराव्याचा मान ठेवला, हे मला आवडलं. पुरावा मात्र खोटा निघावा, असं मनापासून वाटलं.

आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि गोरख. गोरख माझा मेकॅनिक, माझ्याच वयाचा, बोलण्यात काटकसरी. चारही चाकांची हवा तपासली, ठीक होती. मग गाडी मशीनवर घेतली.

अलाइनमेंट म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. चालताना पायाचे पंजे बाहेर फाकवून चाललात, तर चपलेची एकच कड झिजते. चाकाचंही तेच. चाक सरळ पुढे न बघता जरा बाहेर बघत चाललं, तर ते रस्त्यावर घासत जातं आणि आतली कड खातं. आमच्या भाषेत त्याला टो म्हणतात. पुढच्या चाकांचा टो बोल्ट फिरवून नीट करता येतो. या जातीच्या छोट्या गाड्यांत मागची दोन्ही चाकं मात्र एकाच लोखंडी बीमवर बसवलेली असतात. तिथे फिरवायला बोल्टच नाही. त्यामुळे बरेच दुकानदार पुढची चाकं नीट करतात, मागच्या आकड्यांकडे पाहतात, देवाला नमस्कार करतात आणि प्रिंट हातात देतात. हर्षदाच्या गाडीची अशी प्रिंट दोनदा निघाली होती.

माझ्या मशीनवर मागचा आकडा जरासा इकडेतिकडे होता. एवढ्याशा फरकानं तारा बाहेर येत नाहीत. पण मशीन गाडी उभी असताना मोजतं, आणि उभ्या गाडीचा टायर कुठे झिजतो?

मी हर्षदाला गाडीत बसवलं. हळू पुढे घ्यायची, ब्रेक मारायचा, मागे घ्यायची, ब्रेक मारायचा. मी फरशीवर आडवा पडून मागच्या चाकाकडे बघत राहिलो. दुकानासमोरून जाणाऱ्यांपैकी निदान एकानं तरी मला चक्कर आली की काय म्हणून विचारलं असेल. पण मला हवं ते दिसलं. ब्रेक लागला की मागचं चाक कमानीत सरकत होतं. पुढे सोडली की परत. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. म्हणजे धावताना अख्खी बीमच वाकडी होत होती.

बीम गाडीच्या बॉडीला दोन ठिकाणी जोडलेली असते. प्रत्येक जोडात एक बुश असतो. लोखंडाच्या दोन नळ्या, एकात एक, आणि मधे जाड रबर. खड्ड्याचा दणका रबरानं गिळायचा आणि चाक जागेवर धरून ठेवायचं, हे त्याचं काम. रबर गेलं की चाकाला कुणाचा धाक राहत नाही.

गोरखनं गाडी लिफ्टवर चढवली आणि जोडात टॉमी घातली. टॉमी म्हणजे पहारीची धाकटी बहीण. जरा रेटलं तर बीम बोटभर हलली.

"गया," गोरख म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषण झालं.

खाली सगळीकडे तेलकट काळा चिखल बसलेला होता. काही वॉशिंग सेंटरवाले गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारतात, तसं काहीतरी. मी हर्षदाला विचारलं, "खालून ऑइल मारून घेता का कुठे?"

"नाही हो. मी कधीच नाही."

"नका घेऊ. लोखंडाला तेल चालतं, रबराला चालत नाही. रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं."

तिनं मान हलवली. मी अगदी बरोबर गोष्ट अगदी चुकीच्या माणसाला सांगितली होती.

बुश बदलणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. बीम खाली घ्यावी लागते. जुना बुश प्रेसवर दाबून काढायचा, नवा दाबून बसवायचा. त्याच्या रबरात पोकळ्या असतात, त्या ठरलेल्या दिशेलाच यायला हव्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचा बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना आवळायचा नाही. गाडी जमिनीवर उतरवायची, वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि मगच आवळायचा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गाडीचं पोट धुऊन काम होईतो आबा परत आले. मी त्यांना जुने बुश दाखवले, रबर गेलं की चाक कसं सरकतं आणि टायर खातं ते समजावलं. त्यांनी बुश हातात न घेता लांबूनच पाहिला.

"म्हंजे रबरनी रबर खायं?"

"हा आबा."

"भाऊ, मी म्हातारा शे. येडा नही."

गाडीत नवा टायर टाकला, मागचा आकडा स्क्रीनवर हिरवा आला. निघताना मी हर्षदाला एक गोष्ट शिकवली. टायरच्या आतल्या बाजूला हात घालून तळवा फिरवायचा. एकीकडून दुसरीकडे आणि उलट. दोन्हीकडून गुळगुळीत लागला तर ठीक. एकीकडून करवतीसारखे दाते लागले, तर तडक इकडे यायचं.

ती गोष्ट जूनची. आता पावसाळा सरत आला होता, पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. शाळा सुटल्यावर हर्षदा थेट दुकानात आली, एकटीच. या वेळी चेहरा शांत नव्हता.

"भाऊ, दाते लागतायत."

मी हात घालून पाहिला. लागत होते. कड नुकतीच धरली होती, डोळ्यांना दिसत नव्हती, पण तळव्याला कळत होती.

"घरी सांगितलं?"

"नाही. आबा रोज सकाळी गाडीभोवती चक्कर मारतात. आज ना उद्या त्यांना दिसेलच." ती खुर्चीवर बसली. "अक्कलकुव्याला खोली बघून ठेवलीय मी. पण पोरीला तिकडे कोणाजवळ ठेवू? आणि तिला इथे ठेवून मी तिकडे राहू, हेही होणार नाही माझ्यानं. खरं सांगू, रोज येता-जाता मी आता रस्ता बघत नाही, खड्डे मोजते. आपलं खरंच चुकतंय की काय, असं वाटायला लागलंय."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ती चांगली चालवत होती, हे मी फरशीवर पडून पाहिलेलं होतं. ब्रेक कसा लावतो त्यावरून माणूस कळतो.

पण नवे बुश इतक्यात जातीलच कसे? मी सगळ्यात आधी नंदुरबारच्या पार्टवाल्याला फोन लावला. "माल डुप्लिकेट दिला का?" म्हणून त्याला झाडलं. त्यानं आईची शपथ घेतली, मुलाची घेतली, आणि मी तरी थांबेना म्हणून दुकानातल्या गणपतीचीही घेतली. मग मी गोरखकडे वळलो.

"बोल्ट लटकत्या गाडीवर आवळला होता का रे?"

गोरखनं पाना खाली ठेवला आणि चहाला निघून गेला. गोरखचा राजीनामा असा असतो. चहा संपला की तो स्वतःच मागे घेतो.

आल्यावर त्यानं मुकाट्यानं गाडी लिफ्टवर चढवली. मी टॉर्च घेऊन खाली गेलो. जून महिन्यात आम्ही सगळं पोट धुऊन काढलं होतं. बाकी ठिकाणी फक्त पावसाची माती होती. पण दोन्ही बुशांवर, आणि फक्त बुशांवर, तेल होतं. पार्टवाला सुटला, गोरखही सुटला. डाव्या बुशावर, वरच्या बाजूला जिथे पाणी पोचत नाही तिथे, पिवळं काहीतरी लागलेलं होतं.

मी बोटानं खरवडलं. गोरखनं वाकून पाहिलं. कुठल्याही कंपनीचं ग्रीस मी असं पिवळं पाहिलेलं नव्हतं. हर्षदा जवळ आली, तिनं माझ्या बोटाचा वास घेतला.

"तूप," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि हळद."

आम्ही तिघं गाडीखाली उभे होतो, तिघांचे डोळे माझ्या बोटावर. मग हर्षदा हसायला लागली. इतकी हसली की तिला लिफ्टच्या खांबाला धरावं लागलं. हसता हसताच तिनं डोळे पुसले.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरची तुपाची वाटी गायब झाली," ती म्हणाली. "सासूबाईंनी मांजरीला अजून माफ केलेलं नाही."

ज्यांच्या घरी बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, म्हणून त्याला तूप आणि हळद लावून मळतात. आज खांदे मळले, उद्या जेवायला या, असं आमंत्रणही देतात. आबांकडे दोन वर्षांपूर्वीपर्यंत बैलजोडी होती. मग ट्रॅक्टर आला, गुडघे दुखायला लागले आणि जोडी विकली.

"त्या दिवशी त्यांनी मला गाडी शेतातल्या पाटावर आडवी लावायला सांगितलं," हर्षदा म्हणाली. "पाट कोरडा होता. तरी मला वाटलं धुणार असतील. तसं ते दर अमावस्येला म्हणतात, गाडी पाटावर लाव. मी लावते आणि स्वयंपाकाला जाते."

मग मला सगळं दिसलं. पाटाच्या दोन काठांवर गाडीची चाकं, मधे कोरड्या पाटात बसलेले आबा, हातात तेलाची कुपी. पूर्वी बैलगाडीच्या आसाला असंच ओंगण घालायचे. चाक कुरकुरलं की तेल. विहिरीचा रहाट कुरकुरला की तेल. जे वाजतं त्याला तेल हवं असतं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि बुशाचं रबर सुकलं की स्पीडब्रेकरवर कुईकुई वाजतं. आबांनी ते ऐकलं असणार. तेल घातलं असणार. आवाज थांबला असणार. ज्या उपायानं आवाज थांबतो तो उपाय चुकीचा आहे, हे कुणाला पटवणं महाकठीण.

"तुम्ही सांगा त्यांना," हर्षदा म्हणाली. "मी सांगितलं तर घरात भांडण होईल. म्हणतील, माझ्यावर ढकलते."

"आणि मी सांगितलं तर?"

"तर फक्त तुमच्याशी होईल."

शिक्षिका आहेत, हिशोब पक्का असतो. गाडी मी ठेवून घेतली, तिला गोरखनं स्टँडवर सोडलं. घरी तिनं एवढंच सांगितलं, की भाऊंनी आबांना बोलावलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. हर्षदानं रजा टाकली होती, तीही बरोबर होती. आबा गाडी लिफ्टवर बघूनच म्हणाले, "आखो एक टायर गया ना? मी सांगं व्हतं."

काढलेला बुश आणि दुकानातला नवा कोरा बुश, दोन्ही त्यांच्या हातात दिले. "अंगठावरी दाबी देखा."

नवा दाबला. दगडासारखा नाही, पण ताठ. मग काढलेला दाबला. अंगठा आत गेला. मुरलेल्या लोणच्यातली फोड दाबावी तसा.

"हाऊ जून महिनामा नवा टाका व्हता," मी म्हणालो. "आठे टाका व्हता, जुना तुम्हले दखाडा बी व्हता."

"मंग असा काबरं झाया?"

"तेल पिना आबा. कैरी तेलमा मुरस तसं रबर बी मुरस. लोखंडले तेल पाहिजे. रबरले नको."

आबांनी बुश उलटा केला. हळदीचा डाग त्यांना दिसला. त्यांनी तो माझ्यापासून झाकायचा प्रयत्न केला, अंगठा त्यावर ठेवून. मग बहुधा त्यांच्या लक्षात आलं, की बुश मीच काढलाय आणि मी आंधळा नाही. त्यांनी अंगठा काढला.

"बैल इकी टाकात," ते म्हणाले. "मंग खांदा कोना मयू?"

त्यांनी लिफ्टवरच्या गाडीकडे बोट केलं.

"घरमा आते वझं वाहणारी हाईच एक शे. रोज मन्ही वहूले त्या ट्रकसन्या गर्दीमा लई जास, लई येस. बैलले बोलता येस नही. गाडीले बी येस नही. कोन्ही ते देखाले पाहिजे ना तिन्हाकडे?"

सुनेची गाडी बंद करायला निघालेला हा माणूस दर अमावस्येला दुखऱ्या गुडघ्यांनी पाटात उतरत होता, कशासाठी, तर सून सुखरूप घरी यावी म्हणून. आणि त्याच हातानं तिच्या चाकाचा आधार मऊ करत होता. हर्षदा खाली बघत होती.

आबा बराच वेळ बुश दाबत राहिले. दाबून दाबून तो घट्ट होईल, अशी आशा असल्यासारखे.

"मंग टायर मीच खायात का?"

"नही आबा. तुम्ही तेल पाजं. टायर रबरनी खायात."

"एकच झायं ते." मग ते सुनेकडे वळले. आवाज तोच, हुकूम सोडायचा. "तू बोलनी काबरं नही? मन्ही काही चूक नही, असं सांगता नही येस?"

"सांगं ना आबा. कितलाक डाव सांगं. तुम्ही आयकं का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोरखकडे पाहिलं. गोरखनं त्या दिवशीची सगळी काटकसर मोडली आणि म्हणाला, "नही आयकं आबानी." आणि परत कामाला लागला.

आबा हसले नाहीत. पण नाराजही झाले नाहीत. थोड्या वेळानं सुनेला म्हणाले, "मन्ही चुकी झायी. तुले नाव ठेवं मी, बठ्ठा गावमा." आमच्याकडे सासऱ्यानं सुनेला असं म्हणणं, तेही चारचौघांत, हे रोज घडत नाही. हर्षदा म्हणाली, "चहा लेतस का?" आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

नवे बुश बसवले. या वेळी आबा शेजारी उभे राहून सगळं पाहत होते. बोल्ट आवळायच्या आधी गाडी खाली का उतरवतो, हे त्यांनी विचारलं. वजन पायांवर आल्याशिवाय जू पक्कं करत नाहीत तसंच, असं मी म्हणालो. जू काय, बोल्ट काय, मला त्यातलं बैलांकडचं फारसं कळत नाही. पण ते त्यांना पटलं, आणि मी पाना उचलला.

मागचा आकडा हिरवा आला. झीज वेळेत सापडल्यामुळे टायर वाचला, तो पुढच्या चाकाला लावला. गोरखनं गाडी बाहेर काढली. हर्षदा स्टेरिंगवर बसली. आबांना मार्केटमधून कुणाच्या तरी मोटरसायकलवर जायचं होतं, नेहमीसारखं. ते दुकानाच्या पायरीवर जरा थांबले, मग पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसले.

"चाल," ते म्हणाले. "देखू ते खरं, कशी चालाडस."

सून टायर खाते म्हणून अख्ख्या म्हसावदला सांगणारा माणूस तिनं चालवलेल्या गाडीत त्या दिवशी पहिल्यांदा बसला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो. ब्रेकचे लाल दिवे वळणाआधी हळूच लागले, तसे लागायला हवेत तसे.

दुपारी आबांचा फोन आला.

"भाऊ, वहू चांगली चालाडस. खड्डा दिसना का हायू करस. मन्हा पोऱ्यापेक्षा बरी शे."

"मी सांगं व्हतं ना आबा."

"तू कधय सांगं? तू ते रबर-रबर करी ऱ्हायंतास." मग ते म्हणाले, "पन एक खोट शे. हॉर्न वाजाडस नही ती. ते तुन्हा मशीनवर नीट व्हई का?"

"नही आबा."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तशीच जाऊ दे तिले."

दिवाळी आली आणि गेली. हर्षदा आजही त्याच गाडीनं अक्कलकुव्याला जाते. अमावस्येला गाडी अजूनही पाटावर लागते, पण आबा आता फक्त आतून तळवा फिरवून दाते बघतात. मांजरीचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

त्यानंतर मी दुकानात एक सवय लावून घेतली आहे. टायर झिजलेली गाडी आली की येणारे लोक गाडी कोण चालवतं ते आधी सांगतात, आणि बहुतेक वेळा ते माणूस तिथे हजर नसतं. मी ते ऐकून घेतो. मग विचारतो, घरात या गाडीवर सगळ्यात जास्त जीव कोणाचा? ज्याचं नाव निघेल त्याचा हात कुठे कुठे पोचतो एवढं विचारून घेतो, आणि टॉर्च घेऊन पहिल्यांदा तिथे वाकतो.